डावीकडे पाहणारा मोर

सकाळी पावणेआठ वाजता आत्याबाईंच्या हातातून क्रोशाची सुई खाली पडली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डब्याचं झाकण लावत होते. फरशीवर सुई पडल्याचा आवाज तो केवढा, पण त्या घरात तो कधी ऐकू आलेला नव्हता. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. लग्न होऊन मला पाचेक वर्षं झाली होती आणि त्यांच्या हातून सुई पडलेली मी पाहिली नव्हती. मी वाकून ती उचलली आणि त्यांच्या उजव्या हातात दिली. ती पुन्हा पडली.

"आत्याबाई, दोन्ही हात वर करा बघू."

"कशाला गं? कामाला जा तू. उशीर होईल."

"करा तर."

डावा हात वर आला. उजवा मांडीवरच्या विणकामावर तसाच पडून राहिला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, परक्या कुणाचा हात आपल्या मांडीवर येऊन पडावा तसं.

मी कराडच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये होते. रक्त काढायचं आणि तपासायचं, हे माझं काम. हे काय आहे ते मला लगेच कळलं. नवऱ्याला, विलासना, मी रिक्षा आणायला पिटाळलं. धाकट्या नणंदेनं, उर्मिलानं, आईला मागून धरलं. निघताना मी ते विणकाम उचलून खुर्चीवर ठेवलं. जाळीच्या चौकोनात एक मोर अर्धा झाला होता. पाय होते, पिसारा होता, पोट होतं. मान आणि डोकं राहिलं होतं.

तो चौकोन उर्मिलाच्या रुखवतातल्या टेबल रनरचा होता. लग्न वैशाखात ठरलं होतं आणि रुखवतात बाकी काय मांडायचं ते बायका ठरवोत, मधोमध हा रनर असणार हे आत्याबाईंनी साखरपुड्याच्या दिवशीच जाहीर केलं होतं. पांढरा दोरा, एकेका चौकोनात एकेक मोर, सगळे चौकोन एका रांगेत जोडायचे. मोर उजवीकडे पाहणारा. डोळ्याच्या जागी काही खांब, म्हणजे उभे टाके, एकत्र ओढून उठावाचा ठिपका, दोऱ्याचा मणीच जणू. गल्लीतल्या निम्म्या मुली क्रोशा त्यांच्याकडे शिकल्या होत्या, पण तो डोळा कुणाला त्यांच्यासारखा साधला नव्हता. अर्धेअधिक मोर होऊन कपाटात गेले होते तेव्हा हात गेला.

डॉक्टर घरी सोडताना म्हणाले, "उजवी बाजू गेली की पुष्कळदा बोलणंही जातं. यांचं शाबूत राहिलं. असं होतं कधीकधी." पाय हळूहळू परत येईल, हाताचं सांगता येत नाही, खाणंपिणं नीट ठेवा, असंही म्हणाले.

बोलणं शाबूत होतं, पण आत्याबाई बोलत नव्हत्या. जे बोलल्या ते पहिल्याच दिवशी जेवणाच्या वेळी. उर्मिलानं वरणभात कालवून चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो ताटात ठेवला.

"या हातानं मी जेवायची नाही."

"बरं, मग मी भरवते."

"मी काय तान्ही आहे?"

"आई, दोन्हीतलं एक काहीतरी कर ना गं."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग हाच क्रम पडला. दोन घोट पेज, अर्धी वाटी दूध, तेही डोळे मिटून, भरवणाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून. गालफडं बसली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. डॉक्टरांनी तपासून विलासना बाहेर बोलावलं आणि सांगितलं, की असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. त्या संध्याकाळी उर्मिला मला म्हणाली, "वहिनी, नळी घातलेल्या आईला घरात ठेवून मी बोहल्यावर उभी राहू का? मी कळवते तिकडं, लग्न पुढं ढकला म्हणून."

"थोडं थांबा वन्सं," मी म्हणाले.

डावा हात. त्या घरात डाव्या हाताचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे पाहायचे, कारण डावरी मी होते.

लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात हळदीकुंकवाला मी शेजारच्या काकूंना डाव्या हातानं कुंकू लावलं. मुद्दाम नाही, तो हात आपोआप पुढे गेला. आत्याबाईंनी सगळ्यांसमोर, हसत हसत, माझं मनगट धरलं आणि करंडा एका हातातून काढून दुसऱ्या हातात दिला. तेव्हापासून एकच शब्द: "हात!" वाढताना हात, देवाला फूल वाहताना हात, पाहुण्यांना चहा देताना हात. त्या ओरडायच्या नाहीत. विणकामावरून नजरही न काढता म्हणायच्या. दिवसभर मी लॅबमध्ये डाव्या हातानं सुई टोचायची, लोक म्हणायचे, तुमचा हात हलका आहे. घरी आलं की उजव्या हातानं पिठलं वाढायची आणि ते ताटाच्या काठावर सांडायची.

क्रोशा शिकवायचाही त्यांनी प्रयत्न केला होता. मला शेजारी बसवलं, सुई उजव्या हातात दिली. साखळी घालता घालता माझा सगळा हात लाकडाचा झाला. सुई डाव्या हातात घेतली तर म्हणाल्या, "अगं, उलट्या हाताला माझी नक्षी बसायची नाही. तू आपली रक्तच काढ."

मी बरं म्हणाले. पण त्यांची विणायची खुर्ची आरशाच्या कपाटासमोर होती आणि कपड्यांच्या घड्या घालायला मी त्यांच्या मागे, दिवाणावर बसायची. एकदा मान वर केली आणि आरशात पाहिलं. आरशातल्या आत्याबाई डाव्या हातानं विणत होत्या.

मग मी रोज घड्या घालायला लागले. धुतलेले कपडे संपले तर घडी मोडून पुन्हा घालायची. साखळी कशी, खांब कसा, ओळ कुठे उलटवायची, जाळीचं भरीव घर कुठे आणि पोकळ घर कुठे, सगळं आरशातून शिकले. त्यांना काही बोलले नाही. सुई मी लॅबच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती. डबा खाऊन झाला की विणायचं आणि दोरा पुन्हा मोकळा करून ठेवायचा.

आता वाटलं, रनर तरी पुरा करू. मोर तयार झाले तर लग्न पुढे ढकलायची भाषा तरी थांबेल, आणि आत्याबाईंना बघायला काहीतरी होईल, भिंतीखेरीज. जेवणाच्या सुट्टीत, बसची वाट बघताना, जमेल तसा मी एक चौकोन विणला. आत्याबाईंचा अर्धा मोर होता तसाच राहू दिला, त्याला हात लावायचं धाडस झालं नाही. माझा मोर पहिल्या ओळीपासून माझा. डोळासुद्धा साधला.

रविवारी दुपारी मी तो त्यांच्या अंथरुणावर, त्यांच्या नजरेसमोर ठेवला. विलास आणि उर्मिला दोघंही तिथेच होते.

"आई, वहिनीनं बघ काय केलंय!"

आत्याबाईंनी डोळे उघडले. पाहिलं.

"हा कुणीकडं चाललाय?"

चमचा ताटात ठेवला त्या दिवसानंतरचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"उर्मे, माझा एक काढून आण."

उर्मिलानं कपाटातून त्यांचा एक मोर आणून शेजारी ठेवला. तेव्हा मला कळलं. त्यांचा मोर उजवीकडे पाहत होता, माझा डावीकडे. मी सगळं आरशातून शिकले होते. आरशातले मोर कायम त्याच बाजूला पाहायचे. विणताना एकदाही खरा मोर शेजारी ठेवून बघावा, असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

उर्मिलाला हसू आवरेना. "बाकीचे वरातीला निघालेत आणि हा रुसून घरी चाललाय."

"सोपं आहे की," विलास म्हणाले. "पालथा घाला. उजवीकडे बघेल." आणि त्यांनी चौकोन उलटा करून दाखवला. मोर खरोखर उजवीकडे वळला.

"आणि डोळा?" आत्याबाई म्हणाल्या.

विलासनी वाकून पाहिलं. उठावाचा डोळा पालथा घातल्यावर खाली गेला होता. वर नुसता खळगा.

"आंधळा मोर मांडायचा का रुखवतात? इंजिनियर झालास आणि एवढं दिसंना तुला." मग माझ्याकडे वळून, "आणि हात किती सैल गं तुझा! मोर विणलास का मासे धरायचं जाळं? उसव ते."

उर्मिलानं मला डोळ्यांनी खुणावलं, की उसव म्हणतेय तर उसव, निदान बोलतेय तरी. मला मात्र ते जमेना. एरवी मी आत्याबाईंना उलट उत्तर देणारी नव्हते.

"मी नाही उसवायची. तुम्हाला नको असेल तर तुम्ही उसवा."

"कशानं?"

"आहे तो हात."

विलास म्हणाले, "अगं, काय बोलतीस?" मी पर्स उचलली. दुपारपासून माझी ड्यूटी होती. जाताना माझा मोर त्यांच्या डाव्या हाताखाली सरकवून गेले. सुईही तिथेच ठेवली.

संध्याकाळी परत आले तेव्हा आत्याबाई उशीला टेकून बसलेल्या होत्या. मांडीवर दोऱ्याची एक गुंडी होती. उसवलेला दोरा ओळखायला वेळ लागत नाही, तो कुरळा होतो. माझा मोर दिसत नव्हता.

"उसवलंत?"

"मग काय, सांगितलंस ना." आणि जरा थांबून, "सुई दे इकडं."

सुई त्यांच्याजवळच होती. पण त्यांना ती कुणीतरी हातात द्यायला हवी होती, त्या हातात. मी उचलून त्यांच्या डाव्या हातात दिली आणि वाट पाहिली. त्यांनी खाली ठेवली नाही.

"दोरा कोण धरणार?" त्या म्हणाल्या.

निर्जीव उजवा हात मी उशीवर ठेवला आणि त्याच्या बोटांवरून दोरा फिरवला. बोटं वळत नव्हती, पण खुंटीसारखी उभी राहत होती. विणकाम सरकू नये म्हणून उशीच्या अभ्र्याला सेफ्टी पिननं टाचलं. मी त्यांच्या शेजारी बसले, कारण आता आम्हा दोघींचा हात एकच होता आणि दाखवायचं तर शेजारीच बसायला हवं.

मला काही दाखवावं लागलं नाही.

सुई दोऱ्याखाली गेली, दोरा ओढून आली. पहिली काही घरं वेडीवाकडी. मग साखळी सुरू झाली आणि मी ती बघत राहिले. मला उजव्या हातानं साखळी घालायला कितीक दुपारी गेल्या होत्या, आणि माझे दोन्ही हात धडधाकट होते. हा हात आजारी बाईचा, आयुष्यभर दोरा धरण्यापलीकडे काही न केलेला, आणि तो थोड्याच घरांनंतर सरळ चालू लागला.

"आत्याबाई, कसं जमतंय तुम्हाला?"

"बडबडू नको. घरं चुकतात."

दुसऱ्या दिवसापासून मी लॅबमध्ये असताना त्या विणायच्या. मी निघताना दोरा बोटांवर चढवून द्यायची, दुपारी उर्मिला द्यायची. विणलेलं आम्हाला दाखवायच्या नाहीत. एक चौकोन झाला की उशीखाली आणि तिथून कपाटात, किल्ली कनवटीला. उर्मिला म्हणायची, "आई, माझ्या रुखवताचं आहे, मला तरी बघू दे." तर म्हणायच्या, "लग्नाआधी नवरा बघितलास तेवढा पुरे."

जेवणाचा प्रश्न सुटला तो मात्र माझ्यासमोर. सुट्टीचा दिवस होता. मी पेजेची वाटी घेऊन गेले तर म्हणाल्या, "काय केलंयस आज?"

"पिठलं-भाकरी. तुमच्यासाठी पेज आहे."

"ताट कर मला."

मी ताट केलं. चमचा ठेवला. त्यांनी चमचा उचलून बाजूला ठेवला.

"भाकरी चमच्यानं खातात होय तुमच्या माहेरी?"

डाव्या हातानं त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मोडायला वेळ लागला. दुसरा हात नसला की भाकरी ताटभर पळते. तिसऱ्या प्रयत्नाला तुकडा निघाला, पिठल्यात बुडाला, तोंडात गेला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभी होते.

"तिकडं काय बघतीस? एकादशी आहे का आज? वाढ पिठलं."

मी पळी उजव्या हातात घेतली. वाढताना नेहमीसारखा ओघळ ताटाच्या काठावर आला.

"हात," आत्याबाई म्हणाल्या.

मी हातातल्या पळीकडे पाहिलं. उजवाच होता.

"त्या हातानं वाढ. रोज सांडतीस."

मी पळी डाव्या हातात घेतली. त्या दिवशी त्यांनी दोन वेळा पिठलं मागून घेतलं. संध्याकाळी उर्मिलानं सासरी फोन लावला आणि हॉलची तारीख पक्की आहे ना, एवढंच विचारलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी रनर बाहेर आला. सगळे चौकोन आत्याबाईंनी स्वतः जोडले होते, गल्लीतल्या एका मुलीकडून खळ घालून कडक इस्त्री करून घेतली होती. कार्यालयातल्या लांब टेबलावर आम्ही तो पसरला. डाव्या टोकाकडून उजवीकडे पाहत निघालेले मोर आणि उजव्या टोकाकडून डावीकडे पाहत निघालेले मोर, मधोमध समोरासमोर आले होते.

बायका घोळका करून उभ्या होत्या. "समोरासमोर काढलेत! नक्षी कुठली म्हणायची ही?" "पुस्तकातली दिसत नाही." "कसं सुचलं हो इंदूताई?"

"सुचायचं काय त्यात?" आत्याबाई खुर्चीत बसल्या होत्या, हिरवी इरकल नेसून, उजवा हात पदराखाली. "या हाताचे इकडनं, त्या हाताचे तिकडनं. भेटू देत मधे."

दुसऱ्या दिवशी पंगतीत त्या सगळ्यांच्या बरोबर बसल्या आणि डाव्या हातानं जेवल्या. समोरच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. आत्याबाईंच्या शेजारी त्यांची थोरली बहीण होती, विट्याच्या मावशी. त्यांना दिसायचं कमी, ऐकू यायचं त्याहून कमी, त्यामुळे त्या मोठ्यानं बोलायच्या. मी जिलबी घेऊन आले तेव्हा त्या म्हणत होत्या, "इंदे, आयनं येवढा बांधून घातला, पण शेवटाला त्योच कामी आला म्हण की."

"काय बांधून घातलं, मावशी?" मी विचारलं.

"हात गं हिचा. ही डावरी न्हवं का! जेवायला बसली की आय परकराच्या नाडीनं हात पाठीमागं बांधायची. रडून गोंधळ घालायची ही. साळंत जाईस्तोवर बांधत हुती."

आत्याबाईंनी घास खाल्ला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "अक्का, ती सुमन. चुलत्याची."

"सुमन न्हवं. तू."

"सुमन. तुला आता कुणाचं काय आठवतंय? जिलबी घे."

"मी बांधली हाय नाडी माझ्या हातानं, येकदा दोनदा."

"सुमनला बांधली असशील. घे गं तू, वाढ तिला."

सुमन नावाची चुलत बहीण होती हे खरं. ती तरुणपणीच गेली होती, तिला विचारायची सोय नव्हती.

पाठवणी झाली, घर रिकामं झालं. दोन दिवसांनी मी दिवाणावर बसून लग्नातल्या साड्यांच्या घड्या घालत होते आणि आत्याबाई आरशासमोर नव्या दोऱ्याची साखळी घालत होत्या, डाव्या हातानं. आरशात त्या आता उजव्या हातानं विणताना दिसत होत्या. मी विचारलंच.

"आत्याबाई, मावशी म्हणाल्या ते..."

"तिचं वय झालंय."

"पण मग हात इतका लगेच कसा चालला? मी तर काहीच शिकवलं नाही."

"तुझं बघून."

"माझं कधी बघितलंत? मी तर तुमच्यासमोर कधी विणलंही नाही."

त्यांनी ओळ पुरी केली, उलटवली.

"आरशात काय तुला एकटीलाच दिसत होतं? मलाबी दिसायचीस की तू. घातलेल्या घड्या मोडत बसायचीस." आणि मग, सुईवर नजर ठेवून, "उगीच का हात सावकाश चालवत होते मी? गुडघे दुखायला लागले एका जागी बसून."

पुढे एकदा लॅबमध्ये डॉक्टर निवांत सापडले तेव्हा मी त्यांनाही विचारलं, की माणूस जन्मतः डावरा असेल तर उजवी बाजू जाऊनही बोलणं राहतं का. ते म्हणाले, राहू शकतं. उजव्या हाताच्या माणसाचंही राहू शकतं. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

आत्याबाईंनी त्यानंतर बरंच विणलं. दाराला तोरणं, नातवंडांना टोपडी, फोनखालची चकती. हाताचा विषय पुन्हा कधी काढू दिला नाही. माझ्या "हात!" लाही त्या पिठल्याच्या जेवणापासून सुट्टी मिळाली. विट्याच्या मावशी आधी गेल्या, मग काही वर्षांनी आत्याबाई. उर्मिला बडोद्याला असते. रनर तिच्या जेवणाच्या टेबलावर सणासुदीला निघतो.

गेल्या महिन्यात तिनं तो कुरिअरनं माझ्याकडे पाठवला. सोबत फोन: "वहिनी, मधल्या एका मोराच्या मानेजवळ दोरा तुटलाय, टोक सुटलंय. इथं कुणाला दाखवायची हिंमत होत नाही. तेवढं ओवून द्या."

मी तो कोमट पाण्यात भिजवला, सावलीत वाळवला आणि टेबलावर पसरला. खळ केव्हाच निघून गेली आहे. लग्नाच्या वेळी सगळे मोर एकसारखे ताठ होते, आता प्रत्येक चौकोन ज्या हातानं विणला तसा दिसतो. आत्याबाईंच्या उजव्या हाताचे घट्ट आहेत. डावीकडे पाहणारेही घट्ट आहेत, जवळजवळ तितकेच. एक सोडून. मधोमध, त्यांच्या उजव्या हाताच्या शेवटच्या मोरासमोर जो आहे तो सैल आहे. जाळीची घरं मोठी, मान जरा लांब. दोरा त्याचाच सुटला आहे.

तो त्यांच्या डाव्या हाताचा पहिला मोर असू शकतो. आजारी हात, उशीवर टाचलेलं काम, पहिला चौकोन सैल येणारच. मी त्यांची साखळी पाहिली होती, पहिला मोर होताना पाहिला नव्हता.

किंवा तो माझा आहे. त्या रविवारी संध्याकाळी त्यांच्या मांडीवर उसवलेल्या दोऱ्याची गुंडी होती हे खरं. पण आजारपणाच्या सकाळी मी खुर्चीवर ठेवलेला त्यांचा अर्धा मोर, ज्याला मान आणि डोकं नव्हतं, तो नंतर घरात कुठेच दिसला नाही. रनरमध्येही तो नाही. सगळे उजवीकडे पाहणारे मोर मी एकेक करून तपासले. कुठेच काम मधूनच थांबल्याची खूण नाही. म्हणजे मांडीवरची ती गुंडी त्या अर्ध्या मोराचीही असू शकते.

विट्याच्या मावशी खरं सांगत असतील, तर तो हात लहानपणापासून तयार होता. मग त्याचा पहिला मोर इतका सैल यायचं कारण नाही आणि हा मोर माझा आहे. सुमनची गोष्ट खरी असेल, तर तो आत्याबाईंचा आहे.

दोरा त्याच जाडीचा मिळाला. पांढरा जरा जास्त पांढरा आहे, पण धुण्यात जुळेल. काल उर्मिलाचा फोन आला, झाला का म्हणून. घट्ट विणून जोडला तर मानेपाशी चुणी पडेल. सैल विणला तर बेमालूम मिसळेल, आणि तसा सैल माझ्या हाताला अजूनही सहज येतो.

रनर टेबलावर आहे. टोक अजून सुटलेलंच आहे.